हवेतल्या मोजणीवरून शहराचे मिथेन उत्सर्जन: दोनाऐवजी आठ उपकरणे लावली तर आकडा सुधारेल का?

तुमचा प्रश्न मी समजले तो असा. पठारावरचे मध्यम आकाराचे शहर. मिथेन मोजणारी दोन चांगली उपकरणे, एक शहराच्या पश्चिम टोकाला आणि दुसरे पूर्वेला, कचरा डेपोच्या अलीकडे पाऊण किलोमीटरवर. ऑक्टोबर ते मार्च अशा सहा महिन्यांच्या नोंदी हाताशी आहेत आणि महापालिकेच्या हवामान आराखड्यात 'शहर वर्षाला इतके टन मिथेन सोडते' असे एक वाक्य लिहायचे आहे. सल्लागार म्हणतात, दोन उपकरणांमधला सरासरी फरक गुणिले वारा, झाले काम. पण काही दिवशी हा फरक चक्क उणे येतो, म्हणजे शहर मिथेन सोडण्याऐवजी गिळते आहे असा अर्थ निघतो. म्हणून तुम्ही विचारता की दोनाची आठ उपकरणे केली तर आकडा भरवशाचा होईल का.

तुमची शंका रास्त आहे. पण उपकरणे वाढवणे हा त्यावरचा पहिला उपाय नाही. मी गेली सोळा वर्षे हवेतल्या मोजणीवरून उत्सर्जन काढण्याचे काम करते, आणि चूक कुठून शिरते हे एकदा नीट दिसले की पैसे कुठे घालायचे तेही दिसते. तेवढेच सांगायचा प्रयत्न करते.

मुळात तुमचे उपकरण उत्सर्जन मोजतच नाही. ते हवेत मिथेन किती आहे हे मोजते. शेजारच्या घरात मिरचीची फोडणी पडली की आपल्याला ठसका लागतो. आता ठसका किती लागला यावरून शेजारी किती मिरच्या पडल्या हे सांगायचे असेल, तर खिडकी किती उघडी होती, वारा कुठून येत होता, खोली किती उंच आहे आणि आपल्याच घरात काही जळत होते का, हे सगळे ठाऊक हवे. आमच्या कामात उत्तर चुकते ते बहुतेक वेळा या चार गोष्टींत, ठसका मोजण्यात क्वचित.

सल्लागारांचे सूत्र चुकीचे नाही, ते अपुरे आहे. आकडे घालून पाहू. समजा शहर वाऱ्याला आडवे २० किलोमीटर रुंद आहे, वारा सेकंदाला ३ मीटर, जमिनीलगतचा हवेचा मिसळलेला थर १००० मीटर उंच, आणि शहरावरून आलेल्या हवेत ५० पीपीबी (हवेच्या एक अब्ज रेणूंत ५०) मिथेन जास्त. ५० पीपीबी म्हणजे एका घनमीटर हवेत साधारण ३२ मायक्रोग्रॅम (पठारावर हवा विरळ, त्यामुळे थोडे कमी). दर सेकंदाला ६ कोटी घनमीटर हवा या उभ्या पडद्यातून जाते. गुणाकार केला की तासाला सुमारे ७ टन येतात. उत्तर छान दिसते. पण थराची उंची १००० ऐवजी १५०० असेल तर तेच उत्तर साडेदहा टन होते. आणि शहरात शिरणाऱ्या हवेतले मिथेन ठरवताना २० पीपीबीची चूक झाली, तर उत्तर ४ टनांपासून पावणेदहा टनांपर्यंत कुठेही असू शकते. मोजमाप मात्र या तिन्ही वेळा तेच आणि अगदी अचूक.

तुमच्या आठ उपकरणांच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. दोनाची आठ केली तर प्रत्येक उपकरणाची स्वतंत्र, इकडेतिकडे होणारी चूक साधारण निम्मी होईल. पण थराची उंची चुकली तर ती आठही उपकरणांसाठी एकसारखीच चुकते. वाऱ्याचेही तसेच. सामायिक चूक सरासरी काढून जात नाही. अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहराभोवती १२ मनोऱ्यांवर मोजणी झाली, जगातल्या सर्वांत बारकाईने तपासलेल्या शहरांपैकी ते एक. पण तिथे मनोऱ्यांच्या जोडीला लेसरने वारा मोजणारा लिडार होता, विमानाने घेतलेली मोजणी होती, बाटल्यांत भरलेले हवेचे नमुने होते. नुसत्या मनोऱ्यांवर ते काम उभे राहिले नसते.

आता थराच्या उंचीकडे येते. तुमच्या आलेखात पहाटे मिथेन उसळते आणि दुपारी खाली बसते, हे तुम्ही पाहिले असेल. पहाटे डेपो जास्त वायू सोडतो असे नाही. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन बसते, झाकण घातल्यासारखी, आणि तेवढाच वायू शे-दोनशे मीटरांत कोंडतो. ऊन चढले की झाकण वर जाते. मार्चमध्ये दख्खनच्या पठारावर दुपारी हा थर दोन किलोमीटरच्या वरही जातो. हवेचे कुठलेही संगणकी मॉडेल रात्रीचा थर नीट पकडत नाही, म्हणून आम्ही बहुतेकजण फक्त दुपारच्या, साधारण १२ ते ४ च्या नोंदी वापरतो. तुमच्या सल्लागारांनी चोवीस तासांची सरासरी घेतली आहे. म्हणजे ज्या तासांबद्दल आपल्याला सर्वांत कमी कळते, तेच तास त्या सरासरीत सर्वांत जास्त वजन धरून बसले आहेत.

उंची आणायची कुठून? हवामान खात्याचे फुगे सकाळी आणि संध्याकाळी साडेपाचच्या वेळेचे असतात. दुपारचा थर सर्वांत उंच असतो तेव्हा हवेत फुगा नसतो. युरोपीय हवामान केंद्राचा ईआरए५ हा आकड्यांचा संच दर तासाची उंची देतो आणि फुकट मिळतो, पण त्याचा एक चौकोन सुमारे ३० किलोमीटरचा, म्हणजे तुमचे सगळे शहर एका चौकोनात. सुरुवातीला तो चालेल. पण सहा नव्या उपकरणांचे पैसे खरोखर मंजूर होणार असतील, तर मी त्यातून आधी एक सिलोमीटर घेईन. लेसरने ढगांचा तळ आणि धुळीच्या थराची उंची मोजणारे हे यंत्र मिथेनचा एक रेणूही मोजत नाही, पण तुमच्या आकड्याला त्याचा उपयोग सातव्या-आठव्या मिथेन उपकरणापेक्षा कितीतरी जास्त होईल.

यापुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तुमचे उणे आकडेही तिथूनच आलेत असा माझा अंदाज आहे. ती म्हणजे शहरात शिरणाऱ्या हवेत आधीच किती मिथेन आहे. आम्ही त्याला बॅकग्राउंड म्हणतो.

महाराष्ट्रात हे बॅकग्राउंड वर्षभर एक नसते, ते मोसमाबरोबर फिरते. दक्षिण गोव्यात काबो द रामा इथे १९९३ पासून काही वर्षे बाटल्यांत हवा भरून ती ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेत मोजली गेली. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने २००९ पासून सिंहगडावर नमुने घेतले. दोन्हीकडचे चित्र जुळते. जून ते सप्टेंबर नैऋत्येचा वारा हिंदी महासागरावरून, विषुववृत्त ओलांडून, दक्षिण गोलार्धातली स्वच्छ हवा आणतो आणि मिथेन खाली येते. थंडीत वारा उलटतो, जमिनीवरून येतो, आणि उत्तरेकडची भातशेती, गुरेढोरे, कोळसा या सगळ्यांची हवा बरोबर आणतो. त्या हवेतले मिथेन दिवसागणिक बदलते. आज शहराच्या वेशीवर आलेली हवा आणि तीन दिवसांनी आलेली हवा यांतला फरक तुमच्या शहराने घातलेल्या भरीपेक्षा मोठा असू शकतो.

आता तुमच्या नकाशावर हे ठेवून पाहा. नोंदी ऑक्टोबर ते मार्चच्या. या काळात बराचसा वारा पूर्वेकडून आणि ईशान्येकडून. म्हणजे हवा शिरते पूर्वेकडून, आणि तुमचे पूर्वेचे उपकरण येणारी स्वच्छ हवा मोजते असे धरले आहे. पण त्या उपकरणाच्या आणखी पूर्वेला पाऊण किलोमीटरवर डेपो आहे. पूर्वेचा वारा असताना डेपोचा लोट थेट त्याच्या नळीत जातो, तोही वर न मिसळलेला, जमिनीला चिकटलेला. मग बॅकग्राउंड म्हणून जी संख्या तुम्ही वजा करता तिच्यात शहरातला बहुधा सर्वांत मोठा स्रोत आधीच बसलेला असतो. पश्चिमेला पोचेपर्यंत तोच लोट पसरून पातळ होतो आणि वजाबाकी उणे येते. शहर मिथेन गिळत नाही. डेपो तुम्ही नकळत शहराच्या बाहेर काढला आहे.

हे ताडून पाहणे सोपे आहे. दुपारच्या नोंदी वाऱ्याच्या दिशेप्रमाणे वेगळ्या करा, दर तीस अंशांचा एक गट. उणे फरक डेपोच्या दिशेच्या गटात साठलेले दिसले तर माझे म्हणणे खरे. नाही दिसले तर दुसरे काही शोधावे लागेल आणि मला ते जाणून घ्यायला आवडेल.

जागेच्या निवडीत मीही अशीच फसले आहे. मोजणीच्या एका ठाण्यावर रोज पहाटे ठरावीक वेळी मिथेन दीडशे-दोनशे पीपीबीने उडी मारायचे. आम्ही दोन महिने मॉडेलला दोष देत होतो. शेवटी एक सहकारी पहाटे चार वाजता टेकडीवर जाऊन बसला. वरच्या अंगाला एका शेतकऱ्याचा गोबर गॅसचा जुना घुमट होता, सांध्यातून गळत होता, आणि रात्री उतारावरून वाहणारी गार हवा तो वायू ओढ्यासारखी सरळ आमच्या नळीपर्यंत आणत होती. संगणकावर बसून हे कधीच कळले नसते. म्हणून आजही मी नोंदी वापरण्याआधी ठाण्याभोवतीचा एक किलोमीटर पायी फिरते: गोठा, उघडे गटार, चूल, विटभट्टी, जनरेटर.

इथवरचे एकत्र धरायचे तर: फक्त दुपारच्या नोंदी, मोजलेली किंवा निदान तासातासाची थर-उंची, आणि डेपोच्या पलीकडची बॅकग्राउंड. एवढे केलेत तर सल्लागारांच्या सूत्रातूनही बरा आकडा निघेल. 'वर्षाला' हा शब्द मात्र तरीही लिहिता येणार नाही, कारण सहा महिन्यांचा आकडा दुप्पट करून वर्ष होत नाही. पावसाळ्यात ओला कचरा वेगळा कुजतो, तुंबलेली गटारे वेगळी वागतात, आणि भोवतालच्या भातखाचरांत पाणी उभे असते. पावसाळ्यात बॅकग्राउंड आपल्याला जवळजवळ आयती मिळते, समुद्रावरची. पण नेमके तेव्हाच उपग्रह ढगांमुळे आंधळे होतात. म्हणून जमिनीवरची तुमची दोन उपकरणे जून ते सप्टेंबरमध्ये सर्वांत मोलाची आहेत. त्या चार महिन्यांत ती बंद पडू देऊ नका, नळीत पाणी शिरू देऊ नका.

याच्या पुढची पायरी म्हणजे आम्ही ज्याला इन्व्हर्जन म्हणतो ते उलटे गणित. प्रत्येक दुपारच्या नोंदीसाठी मॉडेलमध्ये हवेचे हजारो कण उलट काळात सोडायचे आणि उपकरणापाशी पोचण्याआधी ते कुठल्या जमिनीवरून आणि किती वेळ जमिनीलगत राहून गेले हे पाहायचे. त्या नकाशाला फूटप्रिंट म्हणतात. जिथे फूटप्रिंट पडत नाही तिथल्या उत्सर्जनाबद्दल तुमची नोंद काहीही सांगत नाही. सीएफसी-११ या ओझोन खाणाऱ्या वायूचे उदाहरण घ्या. त्याची जागतिक घट अपेक्षेपेक्षा मंदावल्याचे २०१८ मध्ये समोर आले. दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावरचे गोसान आणि जपानचे हातेरुमा या दोन ठाण्यांच्या नोंदींवरून २०१९ मध्ये पूर्व चीनमधून वर्षाला सुमारे ७ हजार टनांची वाढ झाल्याचे दाखवले गेले, मुख्यतः शांतुंग आणि हपै प्रांतांतून. फक्त दोन ठाणी! ते जमले कारण या वायूला निसर्गात स्रोत नाही, बॅकग्राउंड सपाट आहे आणि दोन्ही ठाणी वाऱ्याच्या वाटेवर आहेत. तरीही चीनच्या पश्चिम भागाबद्दल त्या नोंदी बोलू शकल्या नाहीत, तिकडे फूटप्रिंट पोचतच नव्हता. मिथेनला यांतली एकही सवलत नाही. गाय, खाचर, गटार, डेपो, सगळे एकमेकांत मिसळलेले.

उलट्या गणितात आणखी एक गोष्ट शिरते: आधीचा अंदाज. डेपोत किती कचरा, किती जनावरे, किती सांडपाणी, यावरून कागदावर केलेला हिशेब. शहराच्या नकाशाचे चौकोन शेकडो आणि उपकरणे दोन, त्यामुळे त्याच्याशिवाय गणित सुटत नाही. कागदाचा हिशेब आणि हवेचा हिशेब यांत ज्याची अनिश्चितता कमी, त्याच्याकडे उत्तर झुकते. समजा कागद म्हणतो तासाला ५ टन, ३ टन इकडेतिकडे. हवा म्हणते ९ टन, तीही ३ टन इकडेतिकडे. उत्तर येते ७, साधारण २ इकडेतिकडे. आता कोणी कागदाच्या आकड्यावर फाजील विश्वास ठेवून त्याची अनिश्चितता अर्धा टन लिहिली, तर उत्तर येते ५.१. अहवालात ते 'वातावरणातील मोजमापांवर आधारित' म्हणून छापले जाईल आणि प्रत्यक्षात तो कागदाचाच आकडा असेल. आमच्या क्षेत्रात मला सर्वांत जास्त त्रास याचा होतो. कोणी इन्व्हर्जन करून दिले तर तुम्ही एकच विचारा: आधीचा अंदाज दुप्पट करून पुन्हा चालवले तर उत्तर किती हलते? पुष्कळ हलले तर हवेने फारसे काही सांगितलेले नाही.

दुसरी कसोटी याहून कडक. आधी तुम्हीच एक काल्पनिक उत्सर्जन ठरवा, मॉडेलमधून तुमच्या दोन उपकरणांच्या खोट्या नोंदी तयार करा, त्यांत खऱ्या मोजणीत असतात तेवढ्या इकडेतिकडच्या चुका मिसळा, आणि उलटे गणित करून ठरवलेला आकडा परत मिळतो का ते बघा. मग तेच चार उपकरणे धरून, आठ धरून. दोनाची आठ करावी का, हा प्रश्न एकही उपकरण विकत न घेता असा तपासता येतो. तुमच्याजवळच्या महाविद्यालयातल्या एखाद्या हुशार विद्यार्थ्याचे हे एका सत्राचे काम आहे.

हे काम नीट केले की काय मिळते तेही सांगते, नाहीतर नुसत्या अडचणी वाचून तुम्ही नाद सोडाल. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपग्रह, जमिनीवरची ठाणी आणि विमान यांच्या नोंदी एकत्र करून भारताचे २०१० ते २०१५ मधले मिथेन उत्सर्जन वर्षाला सरासरी २.२ कोटी टन निघाले, कक्षा १.९६ ते २.४३ कोटी टन. भारताने संयुक्त राष्ट्रांना कळवलेल्या आकड्याशी ते जुळले, आणि त्या काळात म्हणण्यासारखी वाढही दिसली नाही, जरी एक जागतिक नोंदसंच वाढ दाखवत होता. आपल्या कागदाला हवेने दिलेला तो दाखला होता. ब्रिटनमध्ये उलट घडले. गाड्यांच्या एसीतल्या एचएफसी-१३४ए या वायूचा कागदावरचा आकडा हवेतल्या मोजणीपेक्षा बराच मोठा निघाला, आणि एसीत वायू किती वेळा पुन्हा भरतात याचे गृहीतक तपासावे लागले. खरा उपयोग हा. हवा कागदाला सांगते की तुझी अमुक ओळ पुन्हा बघ.

महापालिका पुढे विचारेलच की यातले डेपोचे किती आणि गोठ्यांचे किती. नुसत्या मिथेनवरून ते वेगळे करता येत नाही, कारण दोन्हींचा वायू जिवाणूंनी केलेला. कार्बनच्या समस्थानिकांवरून (हलक्या आणि जड कार्बनच्या प्रमाणावरून) कुजण्यातला वायू आणि खनिज वायू वेगळे ओळखता येतात, खनिज वायूत मिसळलेल्या इथेनवरून नळाच्या गॅसची गळती कळते. डेपो आणि गोठा मात्र जागेवरूनच वेगळे करावे लागतात. डेपोसाठी उपग्रह मदतीला येतात. दिल्ली, मुंबई, लाहोर आणि ब्यूनॉस आयर्सच्या डेपोंवर २०२२ मध्ये असा अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. तुमचा डेपो किती मोठा, यावर ते तुमच्याकडे जमेल की नाही हे ठरेल. तुमच्या शहरात टेकड्या असतील, शेजारी मोठे धरण असेल, तर माझ्या वरच्या काही सूचना बदलतील, तेही लक्षात ठेवा.

आराखड्यात सध्या एक वाक्य लिहायचेच असेल तर मी असे लिहीन: 'ऑक्टोबर ते मार्चमधील कोरड्या दुपारच्या नोंदींवरून शहराचे मिथेन उत्सर्जन तासाला इतके ते इतके टन असावे, पावसाळ्याचा अंदाज यात नाही.' कक्षा रुंद येईल. येऊ द्या. पुढच्या वर्षी ती अरुंद झाल्याचे दाखवता येईल. दोन दशांश चिन्हांपर्यंत छापलेला आकडा मात्र पुढच्या वर्षी मागे घ्यावा लागतो, आणि एकदा मागे घेतला की नंतरच्या खऱ्या आकड्यावरही सभागृहात कोणी विश्वास ठेवत नाही.

आणि हे सगळे सुरू करण्याआधी या आठवड्यात एक काम करा. दोन्ही उपकरणे काढून एका खोलीत शेजारी ठेवा, एकाच नळीतून हवा द्या, आणि सात दिवस चालू द्या, रात्रंदिवस. जमले तर जागतिक मानकाशी जोडलेल्या सिलिंडरची हवा दोघांना रोज एकदा द्या. जागतिक हवामान संघटना मिथेनसाठी ठाण्याठाण्यांत २ पीपीबीचा मेळ अपेक्षिते. तुम्हाला तेवढे जमायला हवे असे नाही, पण एकाच हवेत दोघांत ५ पीपीबीहून जास्त फरक आला, किंवा फरक दमट दिवशी वाढताना दिसला, तर सहा महिन्यांच्या नोंदी बाजूला ठेवा आणि आधी तो फरक कुठून येतो ते शोधा. सात दिवसांची फाइल पाठवलीत तर मी पाहून देईन.